ऑप्टिकल रोटरी एन्कोडर: रिझोल्यूशन कमी पडतंय की काउंट गळतायत?

तक्रार साधारण अशी असते. स्पिनर, स्टीअरिंग व्हील किंवा टर्नटेबलसारखा कंट्रोलर बनवला, त्यात ६०० पल्सचा ऑप्टिकल एन्कोडर (चकतीच्या रेघांमधून येणाऱ्या प्रकाशावरून फिरणं ओळखणारा, फेरीला ६०० पल्स देणारा सेन्सर) बसवला, तरी हालचाल गुळगुळीत होत नाही. हळू फिरवलं तर कर्सर जागचा हलत नाही आणि मग एकदम उडी मारतो. जोरात फिरवलं तर मध्येच उलटा जातो. हात काढला तरी एका जागी थरथरत राहतो. मग १००० नाहीतर २००० पल्सच्या एन्कोडरची शोधाशोध सुरू होते.

नवा एन्कोडर घेण्याआधी थांबा. ६०० पल्सचा एन्कोडर पूर्ण वाचला (कसा, ते पुढे येतंच) तर एका फेरीत २४०० काउंट देतो, म्हणजे एक काउंट ०.१५ अंशाचा. बोटांनी फिरवायच्या नॉबला एवढं भरपूर आहे. हे काउंट चकतीपासून स्क्रीनपर्यंत जाताना वाटेत कुठेतरी गळतात, आणि गळती तशीच ठेवून जास्त पल्सचा एन्कोडर लावला तर ती वाढते, कारण कंट्रोलरला तेवढ्याच वेळात आणखी काउंट मोजावे लागतात.

आधी दहा फेऱ्यांची चाचणी

नॉबवर आणि खोक्यावर एकमेकांसमोर पेन्सिलने एकेक खूण करा. प्रोग्रॅममध्ये फक्त काउंटर ठेवा. स्केलिंग, ॲक्सिलरेशन, फिल्टर सगळं तात्पुरतं बंद. खुणा जुळवून काउंटर शून्यावर आणा, सावकाश दहा फेऱ्या फिरवा आणि पुन्हा खुणेवर आणून आकडा बघा. ६०० पल्सच्या एन्कोडरला तो २४,००० च्या आसपास हवा. खूण डोळ्याने जुळवताना दहावीस काउंट इकडेतिकडे होणारच. नंतर हेच जोरात फिरवून करा, आणि शेवटी दहा फेऱ्या पुढे, दहा मागे.

सावकाश फिरवताना ६,००० किंवा १२,००० आले तर दोष वाचण्याच्या पद्धतीत आहे. सावकाश बरोबर आणि जोरात कमी आले तर वेगाचा प्रश्न: प्रोग्रॅम मागे पडतोय किंवा सिग्नल वेळेत वर चढत नाही. दोन्ही वेळी आकडा दर खेपेला वेगळा येत असेल तर वायरिंग आणि नॉइजकडे बघा. आकडा नेमका आहे पण कर्सर तरी उड्या मारतोय, तर एन्कोडर निर्दोष आहे आणि गळती पुढे, यूएसबीच्या बाजूला आहे. पुढेमागे करून शून्यावर येत नाही पण सिग्नल स्वच्छ आहे, असं असेल तर सर्वात आधी कपलिंगचा ग्रब स्क्रू (शाफ्ट घट्ट धरणारा छोटा स्क्रू) तपासा. शाफ्ट आत घसरत असेल तर प्रोग्रॅममध्ये कितीही शोधून काही सापडणार नाही.

या चाचणीला पाच मिनिटं लागतात. ती न करता केलेली प्रत्येक दुरुस्ती हा अंदाज असतो.

पल्स आणि काउंट एक नव्हेत

एन्कोडरमधून ए आणि बी असे दोन चौकोनी सिग्नल येतात, एकमेकांपासून पाव आवर्तन सरकलेले. एका आवर्तनात ए एकदा चढतो आणि एकदा उतरतो, बी पण तसंच. म्हणजे चार कडा. फक्त ए ची चढती कड मोजली तर ६०० काउंट, ए च्या दोन्ही कडा मोजल्या तर १२००, दोन्ही चॅनलच्या सगळ्या कडा मोजल्या तर २४००. सुरुवातीच्या कित्येक प्रोग्रॅममध्ये पहिलीच पद्धत असते: ए चढला की बी बघायचा आणि बी वरून दिशा ठरवायची. तिथे तीन चतुर्थांश रिझोल्यूशन वाया जातंच, शिवाय एक जास्तीचा धोका असतो. चाक नेमकं ए च्या कडेवर थांबलं आणि हाताच्या कंपाने पुढेमागे झालं, की चढत्या कडा येत राहतात, उतरत्या कुणी मोजतच नाही, आणि नॉब न हलवता आकडा वाढत जातो. दोन्ही चॅनलच्या सगळ्या कडा मोजल्या की हे कंप आपोआप अधिक एक, उणे एक होऊन मिटतात.

माहितीपत्रक वाचताना एक काळजी घ्या. ‘सीपीआर’ हा अक्षरसमूह काही उत्पादक एका फेरीतल्या आवर्तनांसाठी वापरतात, तर काही चौपट केलेल्या काउंटसाठी. २४०० सीपीआर लिहिलंय म्हणून चौपट करून ९६०० मिळतील असं धरून चालू नका. एक चॅनल मोजून खात्री करा.

पूर्ण वाचनासाठी सोपी आणि भरवशाची पद्धत म्हणजे १६ घरांचा तक्ता. ए आणि बी मिळून दोन बिटांची एक स्थिती होते. जुनी स्थिती गुणिले ४ अधिक नवी स्थिती हा तक्त्यातला क्रमांक. शून्यापासून घरं अशी भरायची:

० , +१ , −१ , चूक
−१ , ० , चूक , +१
+१ , चूक , ० , −१
चूक , −१ , +१ , ०

‘चूक’ लिहिलेल्या चार घरांत दोन्ही बिटं एकाच वेळी बदललेली असतात. खऱ्या एन्कोडरमध्ये असं होत नाही. मधली एक स्थिती वाचायची राहून गेली, असा त्याचा अर्थ. बहुतेक जण या घरांत शून्य टाकून मोकळे होतात. तसं करू नका. तिथे वेगळा चूक-काउंटर वाढवा आणि तो आकडा बघत राहा. जोरात फिरवल्यावर चूक-काउंटर शून्यच राहिला तर वाचन पुरेसं वेगवान आहे. वाढला तर नेमका कोणत्या वेगाला वाढायला लागतो तेही कळतं. सगळ्या तपासणीत याच्याइतकं उपयोगी दुसरं साधन नाही, आणि त्याला ऑसिलोस्कोप लागत नाही.

जोरात फिरवलं की उलटं का जातं

समजा मुख्य लूप एका मिलिसेकंदात एकदा एन्कोडर वाचतो. सेकंदाला १००० वाचनं. दोन वाचनांमध्ये एकच काउंट सरकला तर ठीक. २४०० काउंटच्या चाकाला ही मर्यादा मिनिटाला फक्त २५ फेऱ्यांवर येते. त्याच्या पुढे दोन वाचनांमध्ये दोन काउंट सरकतात आणि तक्ता चूक दाखवतो. मिनिटाला ७५ फेऱ्यांच्या आसपास दर वाचनाला तीन काउंट सरकलेले असतात, आणि चारच्या आवर्तनात तीन पुढे म्हणजे एक मागे. तक्ता निमूटपणे −१ देतो. कर्सर उलटा पळतो तो इथे.

मनगटाचा झटका दिलेला जड स्पिनर सेकंदाला दहा फेऱ्या घेऊ शकतो. दहा फेऱ्या म्हणजे २४,००० काउंट, दर ४१.७ मायक्रोसेकंदाला एक. हे लूपमध्ये वाचून भागणार नाही. इंटरप्ट (पिन बदलताच चालू काम थांबवून चालणारा छोटा कोड) हवा, आणि तो ए व बी दोन्ही पिनांवर, चढत्या-उतरत्या दोन्ही कडांना.

आर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो वापरत असाल तर बाह्य इंटरप्ट ०, १, २, ३ आणि ७ या पिनांवर आहेत. पहिल्या चारही पिना पोर्ट डी वर (एकत्र वाचता येणाऱ्या पिनांच्या एका गटात) असल्याने पोर्ट एकदाच वाचून ए आणि बी दोन्ही एकाच क्षणाचे मिळतात. दोनदा डिजिटलरीड केलं तर प्रत्येकात काही मायक्रोसेकंद जातात, आणि मधल्या वेळात दुसरा चॅनल बदलू शकतो. २ आणि ३ वर डिस्प्लेचा आयटूसी (दोन वायरांची डेटा-जोडणी) जोडलेला असेल तर ० आणि १ घ्या. ऊनोवर इंटरप्टच्या पिना दोनच, २ आणि ३.

इंटरप्टच्या आत फक्त पोर्ट वाचणं, तक्ता बघणं आणि बेरीज. सिरियल प्रिंट तिथे अजिबात नको: ९६०० बॉडला एक अक्षर जायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो, म्हणजे वर सांगितलेल्या वेगाला एका अक्षरामागे २४-२५ काउंट. आणि काउंटर ३२ बिटांचा असेल तर आठ बिटांच्या चिपवर तो चार तुकड्यांत वाचला जातो. मुख्य लूपमध्ये त्याची प्रत घेताना तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद करा. नाहीतर दोन बाइट जुने, दोन नवे अशी मोडतोड होऊन क्वचित कधीतरी हजारोंची उडी दिसते. ही चूक दिवसातून एकदाच दिसते, म्हणून तिला पकडायला आठवडा जातो.

दुसरी सवय मोडायला हवी ती डिबाउन्सची. टिकटिक वाजणाऱ्या यांत्रिक एन्कोडरमध्ये धातूचे संपर्क उसळतात, म्हणून त्याच्या प्रोग्रॅममध्ये एकदोन मिलिसेकंद थांबायची सोय असते. ऑप्टिकलमध्ये संपर्कच नाही. ते थांबणं इथे आणलं तर प्रत्येक मिलिसेकंदात पंचवीसएक काउंट फेकले जातात.

हार्डवेअर काउंटर असेल तर तोच वापरा

इंटरप्टची कसरत टाळायची असेल तर मोजणी हार्डवेअरकडे द्यावी. नवा कंट्रोलर आखत असाल तर सुरुवातच इथून करा. एसटीएम३२एफ१०३ चे टायमर एन्कोडर मोडमध्ये चारही कडा स्वतः मोजतात, प्रोसेसरला पत्ताही लागत नाही. इनपुट फिल्टरही त्यातच आहे. हा काउंटर १६ बिटांचा, त्यामुळे ६५,५३५ नंतर शून्यावर येतो. नवा आकडा वजा जुना आकडा ही वजाबाकी १६ बिटांच्या चिन्हासहित चलात केली की ते वळण आपोआप सांभाळलं जातं.

ईएसपी३२ मध्ये पल्स काउंटर आहे. त्याच्या एका युनिटचे दोन्ही चॅनल लावल्याशिवाय चौपट मोजणी होत नाही, हे विसरलं जातं. ग्लिच फिल्टर (क्षणिक खोटे पल्स गाळणारा) जास्तीत जास्त १०२३ घड्याळठोक्यांचा, ८० मेगाहर्ट्झला सुमारे १२.८ मायक्रोसेकंद. ईएसपी३२-सी३ मध्ये मात्र हा पल्स काउंटर नाही. आरपी२०४० वर पीआयओमधून (पिना स्वतंत्रपणे हाताळणाऱ्या त्याच्या भागातून) क्वाड्रेचर, म्हणजे ए-बी ची ही जोडी, वाचता येतं. त्याच्या तयार उदाहरणात ए आणि बी लागोपाठच्या पिनांवर असावे लागतात. सध्याचा बोर्ड बदलायचा नसेल तर एलएस७३६६आर ही ३२ बिटांची काउंटर चिप एसपीआयवर (चिपांमधल्या डेटा-जोडणीवर) जोडता येते.

सिग्नल वर चढतोय का

या एन्कोडरांपैकी बऱ्याच जणांचं आउटपुट एनपीएन ओपन कलेक्टर असतं. ट्रान्झिस्टर लाइन खाली ओढतो, वर न्यायचं काम पुल-अप रेझिस्टरचं. मायक्रोकंट्रोलरच्या आतला पुल-अप एव्हीआरमध्ये (वरच्या आर्डुइनोंवरच्या आठ बिटांच्या चिपमध्ये) २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे फार अशक्त. दोन मीटर केबलची धारकता २०० पिकोफॅरॅड धरली तर ३५ किलोओहमला चढायचा वेळ ७ मायक्रोसेकंदांच्या पटीत जातो, आणि अशी अशक्त लाइन जवळच्या मोटरचा नॉइजही सहज उचलते. बाहेरून २.२ किलोओहम लावा: वेळ अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या खाली येतो आणि ५ व्होल्टला प्रवाह जेमतेम २.३ मिलिअँपिअर.

पुल-अप कंट्रोलरच्या व्होल्टेजला जोडायचा. एन्कोडर ५ किंवा १२ व्होल्टवर चालत असला तरी ३.३ व्होल्टच्या बोर्डला पुल-अप ३.३ व्होल्टलाच. त्याआधी एन्कोडरच्या आत स्वतःचा पुल-अप नाही ना, हे बघा. आउटपुटची वायर मोकळी सोडा आणि चाक सावकाश फिरवत मल्टीमीटरने मोजा. स्थिर, ठाम ५ किंवा १२ व्होल्ट दिसले तर आत पुल-अप आहे आणि ती वायर थेट बोर्डला लावायची नाही. आणि आउटपुटची वायर चुकूनही सप्लायला थेट लावू नका. आतला ट्रान्झिस्टर चालू होताच जळतो.

आता सर्वात जास्त वेळा सापडणारा गुन्हेगार: प्रत्येक चॅनलवर लावलेला १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर. हाही यांत्रिक एन्कोडरच्या सर्किटमधून उचललेला असतो. २.२ किलोओहमबरोबर त्याचा वेळ २२० मायक्रोसेकंद होतो. सेकंदाला दहा फेऱ्यांच्या वेगाला एका चॅनलचं अर्धं आवर्तन ८३ मायक्रोसेकंदांचं. सिग्नल वर पोचायच्या आत पुन्हा खाली ओढला जातो. सावकाश चाचणी उत्तम आणि जोरात फिरवलं की आकडा जवळजवळ थांबतो, अशी ही खूण. कपॅसिटर काढा. फिल्टर हवाच असेल तर १ नॅनोफॅरॅड पुरे.

तरी नॉइज राहिला तर दोन्ही चॅनल ७४एचसी१४ या श्मिट ट्रिगरमधून (डळमळीत सिग्नल स्वच्छ चौकोनी करणाऱ्या चिपमधून) न्या. ही चिप सिग्नल उलटा करते, पण दोन्ही चॅनल उलटे होत असल्याने दिशा बदलत नाही. केबलचं शिल्ड कंट्रोलरच्या बाजूला एकाच टोकाला ग्राउंड करा, आणि फोर्स फीडबॅकची मोटर असेल तर तिच्या वायरांबरोबर ही केबल बांधू नका.

काउंट बरोबर, तरी कर्सर उड्या मारतो

माउस म्हणून हालचाल पाठवणारे साधे प्रोग्रॅम एका रिपोर्टमध्ये (संगणकाला जाणाऱ्या एका संदेशात) −१२७ ते +१२७ इतकंच पाठवतात. दर दहा मिलिसेकंदांनी रिपोर्ट जात असेल आणि सेकंदाला २४,००० काउंट होत असतील तर एका रिपोर्टमध्ये २४० बसवायचे आहेत. आठ बिटांच्या चिन्हासहित चलात २४० टाकले की ते −१६ होतात. पुन्हा उलटं पळणं, या खेपेला एन्कोडरचा काही संबंध नसताना. उपाय: १२७ पर्यंतच पाठवा, उरलेले पुढच्या रिपोर्टसाठी शिल्लक ठेवा, आणि रिपोर्ट दर मिलिसेकंदाला पाठवा.

शिल्लक ठेवण्याचं हेच तत्त्व संवेदनशीलता कमी करताना लागतं. काउंटला ५ ने भागून पाठवताना पूर्णांक भागाकारात ३ भागिले ५ शून्य होतो. हळू फिरवताना दर वेळी तीनच काउंट आले तर दर वेळी शून्य जातं आणि नॉब मेल्यासारखा वाटतो. बाकी टाकून न देता पुढच्या वेळी मिळवली तर ३, ६, ४, ७ अशी ती साचते आणि एकही काउंट वाया जात नाही. ‘रिझोल्यूशन कमी आहे’ अशा तक्रारींत या एका ओळीने सुटणाऱ्या बऱ्याच असतात.

स्टीअरिंगचं गणित वेगळं. अक्ष आठ बिटांचा असेल तर त्याला २५६ पायऱ्या. ९०० अंश फिरणाऱ्या चाकाची एक पायरी ३.५ अंशांची झाली, तर एन्कोडर त्याच ९०० अंशांत ६,००० काउंट देतोय. एचआयडी डिस्क्रिप्टरमध्ये (कंट्रोलर काय पाठवणार हे संगणकाला सांगणाऱ्या वर्णनात) रिपोर्टचा आकार १६ बिट करा आणि किमान-कमाल मूल्यं त्याप्रमाणे बदला. विंडोजमध्ये कर्सरवर तपासत असाल तर ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद ठेवा. ते चालू असताना कर्सरचं अंतर वेगावर अवलंबून राहतं आणि कोणतीच मोजणी जुळत नाही.

थांबल्यावरच्या एका काउंटच्या थरथरीसाठी मूळ काउंटरला हात लावू नका. पाठवायच्या आकड्यावर एका काउंटची ढिलाई ठेवा: बदल एकापेक्षा जास्त झाला तरच पाठवा.

खरंच जास्त रिझोल्यूशन हवं असेल तर

वरचं सगळं नीट असूनही ०.१५ अंश जाड वाटत असेल तर पट्टा लावा. नॉबवर ६० दातांची आणि एन्कोडरवर २० दातांची जीटी२ (दातेरी पट्ट्याची) पुली लावली की नॉबच्या एका फेरीला ७,२०० काउंट, एक काउंट ०.०५ अंशाचा. गिअर लावायचा मोह टाळा. दातांमधली मोकळीक दिशा बदलताना दोनचार काउंट सहज खाते आणि मिळवलेलं तिथेच जातं. पट्टा ताठ हवा, पण एन्कोडरच्या बेअरिंगवर आडवा ताण येईल इतका नको. वेगही तिप्पट होतो, तो आधी मोजा: सेकंदाला ७२,००० काउंट, दर १३.९ मायक्रोसेकंदाला एक. इथे एव्हीआरचा इंटरप्ट दमतो, हार्डवेअर काउंटरच लागतो. एन्कोडरची स्वतःची कमाल वारंवारताही बघा. ती २० किलोहर्ट्झ असेल तर ६०० पल्सचा शाफ्ट मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या पुढे नेता येत नाही. तिप्पट पट्ट्याने तो १,८०० पर्यंत पोचलेलाच आहे.

घरी चकती करणाऱ्यांसाठी दोन मापं महत्त्वाची. २८ मिमी त्रिज्येवर ३६० रेघा आखल्या तर एका रेघेची आणि एका फटीची मिळून रुंदी ०.४९ मिमी होते, फट त्याच्या निम्मी. सेन्सरची खिडकी अर्ध्या मिलिमीटरची असेल तर तिच्यासमोर कायम एक रेघ आणि एक फट असणार आणि प्रकाशात फरकच पडणार नाही. सेन्सरसमोर त्याच मापाच्या रेघांची स्थिर जाळी बसवावी लागते, आणि दुसऱ्या सेन्सरची जाळी पाव रुंदीने सरकवून. पारदर्शक फिल्मवर छपाई लेझर प्रिंटरनेच करा. इंकजेटच्या डाय प्रकारातली काळी शाई डोळ्याला काळी दिसली तरी इन्फ्रारेड प्रकाश तिच्यातून बराच आरपार जातो.

चकतीचं केंद्र ०.१ मिमी सरकलं तर त्याच त्रिज्येवर ०.२ अंशांपर्यंत चूक येते, जवळपास एक पूर्ण काउंट, फेरीत एकदा पुढे आणि एकदा मागे. शाफ्टचं छिद्र रेघांबरोबरच एकाच फाइलमधून आखा, आणि बसवताना चकतीवर छापलेलं बारीक वर्तुळ भिंगातून बघत शाफ्ट फिरवा; वर्तुळ डोलत असेल तर गोंद वाळायच्या आत चकती सरकवा. तरीही उरलेली चूक घालवायची असेल तर बरोबर समोरासमोर, १८० अंशांवर सेन्सरची दुसरी जोडी बसवून दोन्ही काउंटरांची सरासरी घ्या. एका बाजूला जितकं पुढे जातं तितकंच दुसऱ्या बाजूला मागे येतं, त्यामुळे केंद्र सरकल्याची चूक सरासरीत निघून जाते.